हलकी गाडी

“पोरीला घाटात एकटीनं गाडी नेऊ देऊ नकोस,” आमचे हे शेवटच्या दिवशी अंथरुणावरून म्हणाले होते. मी हो म्हटलं होतं.

आता ह्यांच्याच जुन्या छोट्या गाडीला कन्येनं मोटारशर्यतीच्या रॅलीसाठी सजवलंय. सजवलंय म्हणजे सोललंय. मागची सीट गेली, एसी गेला, दारांची अस्तरंही गेली. गाडी उलटली तर म्हणून आत लोखंडी पिंजरा आला. माणसं आपणहून पिंजऱ्यात बसतात, त्याला खेळ म्हणायचं! वजन कमी करायला काचेपुढचा बोटभर गणपतीसुद्धा उतरवला. तोच बिचारा गाडी अडवत होता ना!

आज पहिला सराव. शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवणारा वीर अर्ध्या घाटातच ओकला. “धावत्या गाडीत वाचवत नाही,” म्हणत घरी गेला.

“मग मी एकटीच जाते,” लेक म्हणाली.

दर शुक्रवारी याच घाटातून मी एसटीनं देवीला जाते, वाटभर पोथी वाचत. अजून एकदाही मळमळलेलं नाही.

“दे तो कागद.”

“आई, वजन वाढेल गं!”

“गणपतीची जागा रिकामी आहे ना?”

मी अंबाडा सोडला, हेल्मेट चढवलं, पदर खोचला आणि पिंजऱ्यात शिरले.