इल्काची पहिली सॉना

इल्का न्हाणीघरात दातांवर दात आवळून उभा होता आणि बाहेरून त्याची बायको साइमी दार वाजवत होती. अरे, नक्की काय लावलंयस तू?

डांबर लावलं होतं! पाइनच्या डांबराचं मलम, सासऱ्याच्या कपाटातलं. त्या घरात टाचेच्या भेगांपासून गाईच्या खुरापर्यंत सगळ्याला तेच चालतं. लग्नाला तीन आठवडे झालेले, दुपारी घरात कुणी नाही, दोघांना घाई, आणि त्या घाईत याच्या खालची नाजूक कातडी जराशी फाटली. रक्ताचे दोन थेंब. याला वाटलं, संपलं सगळं.

साइमीने आरोग्यकेंद्राला फोन लावला. नर्सबाई हसली नाही, हे विशेष. म्हणाली, मलम कोमट पाण्याने धुवा, साबण नको, हलकेच टिपा, साधं व्हॅसलीन लावा. आठवडाभर एकमेकांच्या जवळ येऊ नका. रक्त थांबलं नाही, सूज किंवा पू आला, तर इकडे या. आणि हो, दोन-चार दिवस सॉना बंद.

झाली ना पंचाईत! शनिवार होता. तळ्याकाठी सॉना, म्हणजे फिनलंडच्या घराघरातली वाफाऱ्याची लाकडी खोली, तापत होती, आणि सासऱ्याबरोबर इल्काची ही पहिलीच. नागडं होऊन शेजारी बसायचं, बर्चच्या डहाळ्यांनी पाठी झोडायच्या, तेव्हा कुठे जावई घरचा होतो. साइमीच्या आतेबहिणीच्या नवऱ्याने एकदा डोकं दुखतंय म्हणून टाळली. चौदा वर्षं झाली, सासरा ताइस्तो अजून त्याचं नाव घेत नाही. 'तो हेलसिंकीवाला' म्हणतो.

सर्दीचं निमित्त सांग, साइमी म्हणाली. पण हा पठ्ठ्या धुऊन-पुसून, फेंगडा चालत थेट तळ्याकाठी गेला.

"मला आज आत येता येणार नाही. खाली कातडी फाटलीय. आम्ही दोघं... घाईत होतो. आणि वर तुमचं डांबर लावलं मी."

ताइस्तो लाकडं फोडत होता. कुऱ्हाड थांबली. त्याने ती ओंडक्यात रोवली.

"माझ्या वेळी मी रंगातलं टर्पेंटाइन लावलं होतं," तो म्हणाला. "सासऱ्याला बोललो नाही. तसाच आत जाऊन बसलो. अशी आग झाली की तळ्यात पहिली उडी माझीच."

मग त्याने दोरीवर वाळणारी स्वतःची ढगळ सुती चड्डी ओढली, सभेत मानाची शाल घालतात तशी इल्काच्या खांद्यावर टाकली आणि एकटाच आत गेला.