परत एकदा, इकडं बघून

पहिली रेसगाडी रेषा ओलांडून गेली, तेव्हा इंगवलेबापूंच्या कॅमेऱ्याचं झाकण तसंच होतं. तीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेल्या माणसाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “परत एकदा. सूर्य बुडायच्या आत. सगळ्यांनी इकडं बघायचं.”

आठही गाड्या मुकाट्यानं मागं गेल्या. चालवणाऱ्यांतल्या सातजणांच्या लग्नात बापूंनीच फोटो काढले होते. बापूंनी सांगितलं की ऐकायचं. पंचांनीही पुन्हा झेंडा हलवला.

रेषेपाशी सातजणांनी वेग कमी केला, हेल्मेटची काच वर केली, मान तिरकी करून हसू आणलं. मघाशी शेवटचा आलेला, बिनलग्नाचा आठवा सुसाट पुढं निघून गेला आणि चषक घेऊन बसला.

मघाचा विजेता घाम पुसत बापूंकडं आला. “माझे डोळे मिटले नाहीत ना?”