धक्के

कळमनुरीजवळच्या तांड्यावरून उत्तमसिंगनं बायकोला, शिलाला, नांदेडच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा ती कळांनी दुमडून गेली होती.

"खडा लघवीच्या नळीत अडकलाय," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून मशीनचे धक्के देऊन फोडता येईल. भूल लागत नाही, पण कदाचित पुन्हा यावं लागेल. नाहीतर भूल देऊन, आत दुर्बीण घालून, नव्यानं आलेल्या लेझरनं एकदाच फोडू."

"धक्केच द्या," उत्तमसिंग म्हणाला.

"लेझर करा," शिला कण्हत म्हणाली.

"काहून हट्ट करून राहिलीस? माझा भाऊ भुलीतून उठलाच न्हाई, इसरलीस?"

शिलाला सगळं आठवत होतं. ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टरसाहेब, ते धक्के निस्त्या खड्यालाच बसतेत का?"

डॉक्टरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "पाळी चुकलीय का?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

उत्तमसिंग तिच्याजवळ सरकला. "मला काहून सांगितलं न्हाई?"

"मागं दोनदा पोट पडलं तवा तुमी किती दिस जेवले न्हाईत. म्हून म्हणलं, जरा टिकू द्यावं."

उत्तमसिंगनं डॉक्टरांपुढं हात जोडले. "लेझरच करा साहेब. पण दोघायलाबी उठवा."