सगळ्यात जड फाइल

“ही एकच फाइल उडवली की बाकी सगळं या स्वस्तातल्या जागेत बसतं, बाबा,” लेक म्हणाली. तिचं बोट माउसवर तयारच होतं.

तो तिच्या मागे खुर्ची ओढून बसला होता. चष्मा कपाळावर, हातात थंड झालेला चहा. लॅपटॉप शिलाई मशीनच्या शेजारी ठेवला होता. बायको गेल्यापासून त्या मशीनवर कोणी बसलं नव्हतं.

बायको याच खोलीत शिवण शिकवायची. आजारी पडल्यावर क्लास बंद झाला, तेव्हा ती फोनवर धडे करून ठेवू लागली. फोन चालू-बंद करायचं काम त्याचं. बाही झाली, खिसा झाला, काजं-बटणं झाली. कॉलर राहिली. “कॉलर बरी झाल्यावर,” तो म्हणाला होता. “डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाला एकच धडा.”

आता तिच्या क्लासमधल्या बायकांनी एका हॉटेलच्या कामगारांचे शर्ट शिवायला घेतले होते. पहिलंच मोठं काम. त्यांच्यातली थोरली, जिला सगळ्या मॅनेजरबाई म्हणत, काल दारात उभी राहून गेली.

“काका, सगळे शर्ट गळ्यापाशी येऊन अडलेत. बाहेरच्या शिंप्याकडे दिले तर मलई तो खाणार, आम्हाला नुसतं ताक. बाईंच्या फोनमध्ये कॉलरचं काही असेल तर बघा ना.”

नव्हतं. लेकीनं प्रत्येक क्लिपची सुरुवात पाहून तिला नाव दिलं होतं. कॉलर कशातच नव्हती. तो स्वतः एकही क्लिप बघू शकला नव्हता. आवाज सुरू झाला की उठून बाहेर जायचा.

निदान आहेत ते धडे तरी बायकांना मिळावेत, म्हणून इंटरनेटवर जागा शोधणं चाललं होतं. फुकटातली त्यानं पहिल्या झटक्यात नाकारली. “तुझी आई सुईत दोरा ओवणार आणि मध्येच कोणीतरी येऊन साबण विकणार? चालायचं नाही.” दुसरी कंपनी स्वस्त होती, पण सगळ्या जणी एकदम बघायला लागल्या की चित्र अडखळणार होतं. तिसरी बरी निघाली. जाहिराती नाहीत, अडखळणं नाही, पैसे पेन्शनला झेपतील एवढे. फक्त तिच्या स्वस्तातल्या योजनेत जागा बेताची.

“कोणती फाइल म्हणालीस?”

“काजं-बटणं. धडा एवढासा आणि फाइल हत्तीएवढी. काहीतरी बिघडलंय यात. काजांचा दुसरा धडा आहेच आपल्याकडे. उडवू?”

“उडव,” तो म्हणाला. मग म्हणाला, “थांब. एकदा लाव.”

लेकीनं वळून पाहिलं. “नक्की?”

“लाव म्हटलं ना. पुसायच्या आधी बघू तरी.”

बायको पडद्यावर आली. खांद्यावर शाल. त्यानं तो दिवस ओळखला. त्याच रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तिथून ती घरी आली नाही.

तिनं काज केलं, बटण लावलं, दोरा तोडला. “झालं. अहो, बंद करा.” एक मोठा पंजा पडद्यावर आला, चाचपडला, निघून गेला. “केलं,” त्याचाच आवाज आला. “पड आता. मी औषधं घेऊन येतो.” दार लागलं. चित्र चालूच राहिलं.

“बाबा! बंद केलंच नव्हतं तुम्ही!” लेक डोळे पुसत हसली. “जन्मभर बस चालवलीत आणि ब्रेक सापडत नाही!”

“गप. बघू दे.”

जिन्यावरची पावलं विरेपर्यंत ती कान देऊन बसली होती. मग आडवं व्हायचं सोडून तिनं टोपलीतून एक अर्धवट शर्ट ओढला. कापडाची एक पट्टी घेतली. पट्टीच्या मध्यावर खडूनं खूण केली. ती खूण शर्टाच्या गळ्याच्या मध्याला टाचली आणि तिथून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला टाचण्या लावत गेली. मशीन सुरू झालं. मध्येच थांबलं. मशीनवर कोपर टेकून ती बराच वेळ नुसती दम खात बसली. मग परत मशीनच्या पायडलवर पाय ठेवला.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “आई कॉलर लावतेय.”

त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. कप कुठे ठेवला ते त्याला कळलं नाही.

“टाका न् टाका दिसतोय,” लेक म्हणाली. “पण स्वस्तातल्या जागेत हे मावणार नाही. मध्ये ती नुसती बसलीये ना, तेवढं कापलं तर मावेल. कापू?”

“काही कापू नकोस. मोठी जागा घे.”

“दर महिन्याला जास्त पैसे भरावे लागतील, बाबा.”

“भरीन. दमल्यावर परत कसं उठायचं, तेही शिकू देत त्यांना.”

लेकीनं मोठ्या जागेवर बोट दाबलं. पडद्यावर कॉलर पुरी झाली होती. बायकोनं ती दुमडली, टोकं बोटांनी बाहेर काढली आणि शर्ट उचलून सरळ फोनसमोर धरला. आधी एक बाजू दाखवली, मग उलटवून दुसरी. दूर जिन्यावर पावलं वाजली. ती फोनवर वाकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, “ह्यांना बंद करा म्हटलं की हमखास चालू राहतं, म्हणूनच म्हटलं. तर पोरींनो, ही झाली कॉलर. ह्यांना एवढ्यात सांगू नका, रागावतील.”