सावकाश पुन्हा लिहा

आम्हा हौशी मंडळींची लिनक्स संगणकप्रणाली वर्षातून एकदाच नवी होऊन बाहेर पडायची. तिचं मराठी भाषांतर माझ्याकडे. पडद्यावर दिसणारं एकेक वाक्य मी महिनोन्‌महिने तपासायचो. यंदा ठरलं, बदल झाला की त्याच दिवशी सर्वांना पाठवायचा. माझी पाचावर धारण बसली. सकाळची चूक संध्याकाळी घरोघरी! "मी हे काम सोडतो," बायकोला म्हणालो. "सोडा. पण जाता जाता पासवर्ड चुकल्यावरचं ते वाक्य बदला. किती अंगावर येतं!" 'अवैध प्रयत्न' खोडून मी लिहिलं, 'पासवर्ड जुळला नाही. सावकाश पुन्हा लिहा.' डोळे मिटून बटण दाबलं. संध्याकाळी तिच्या संगणकावर नवे बदल उतरले. तिने मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला आणि आतून ओरडली, "अहो, धावा! हा चक्क तुमच्यासारखा बोलतोय!" धावलो, वाचलं, आणि तसाच परत येऊन पुढचं वाक्य उघडून बसलो.