सतरा नंबरची बाई

"ती सतरा नंबरची बाई मला उद्या इथं हवी," उदयसिंह सर म्हणाले. "इरकल लुगड्यात. हातात भाकरी घेऊन."

दानेश्वरी संगणकावरच्या आकड्याकडे बघतच राहिली. मैंदर्गी गावातल्या शिबिरात घेतलेल्या रक्तातलं सर्ट्युइन मोजायचं काम तिचं; सर तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक. सर्ट्युइन म्हणजे पेशींची झीज भरून काढायला मदत करणारं प्रथिन. चाचणीत पिवळा रंग जितका गडद, तितकं ते जास्त. रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्या मैंदर्गीच्या बायांचं रक्त पिवळंजर्द निघालं, सोलापुरातल्या पोळी खाणाऱ्या लोकांचं फिकं. आणि सतरा नंबर तर सगळ्यांच्या वरताण! नळ्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. कुणाचा कुठला, ते दानेश्वरीलाच ठाऊक.

सरांचं विमान लगेच आभाळात. ज्वारी खाणाऱ्याला म्हातारपण उशिरा येतं, झालं की सिद्ध! कडक भाकरी विकणाऱ्या एका कंपनीचे लोक उद्या येणार होते. पाकिटावर 'आयुष्य वाढवणारी भाकरी' असं छापायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सरांनी हो म्हणायचाच काय तो अवकाश.

दानेश्वरी खुर्चीवरून उठली.

"सर, शिबिर श्रावणी सोमवारी झालं. संध्याकाळच्या पूजेपर्यंत अख्खं गाव उपाशी असतं. आणि उपाशी माणसात सर्ट्युइन वाढतं, हे तुम्हीच शिकवलंत की. सोलापूरकरांचं रक्त आपण दुपारच्या जेवणानंतर घेतलंय. हा फरक भाकरीचा कशावरून?"

सोमवार तिनंच निवडला होता. मैंदर्गी तिचं आजोळ. सोमवारी बाया देवळात हमखास भेटतात, एवढंच तिच्या डोक्यात. 'काय खाल्लंत?' असं एकीलाही विचारायचं तिला सुचलं नाही. लहानपणापासून ज्या दिवशी चूल पेटलेली पाहिली नाही, त्या दिवशी असला प्रश्न सुचणार तरी कसा?

तरी त्या दिवशी एकीला घेरी आलीच होती. पंधरा-सोळा जणी झाल्या, ती बाई खाली बसली आणि बाकीच्या घाबरून उठायला लागल्या. "आदी तू टोचून घे की," रांगेतली काशम्मा म्हणाली होती, "मग आमी बगतो." दानेश्वरीनं बाही वर केली, तेव्हा कुठं रांग पुन्हा लागली.

"उपासाची नोंद आहे कुठं?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग उपास झालाच नाही. प्रबंधावर माझी सही हवीय ना तुला? बाई घेऊन ये."

त्या सहीपायी चार वर्षं गेली होती. जमत आलेलं लग्न मोडलं होतं, होस्टेलातलं पाणचट वरण गोड मानून घेतलं होतं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. संताप संताप झाला नुसता. सरांचा, आणि स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. कंपनीच्या लोकांनी टेबलावर पाकिटं मांडली. सर आलेखावर काठी टेकवून रंगात आले होते.

"आकडे राहू द्या," ते म्हणाले. "जिच्या रक्तानं हे सांगितलं, तिलाच बघा. दानेश्वरी, आण त्यांना!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात कुणी नव्हतं. दानेश्वरी पहिल्या रांगेतून उठली आणि एकटीच मंचावर चढली.

"बाई कुठाय?" सरांनी दात आवळून विचारलं. "सहीचं विसरलीस?"

"ठेवा तुमची सही तुमच्यापाशी," दानेश्वरी म्हणाली आणि तिनं माईक ओढून घेतला.

"सतरा नंबरची बाई मीच. बाया घाबरल्या म्हणून त्यांच्यादेखत मी रक्त दिलं. ती नळी तशीच त्यांच्या नळ्यांत गेली, तिलाही नंबर पडला. त्या सोमवारी गावासारखीच मीही उपाशी होते."

तिनं टेबलावरचं एक पाकीट उचललं आणि कंपनीच्या लोकांपुढं धरलं.

"आणि भाकरी मला पचतच नाही. मी दोन्ही वेळा भात खाते!"