तिच्या नावाची स्पर्धा

रंगाऱ्याची बायको गेल्याचं कळलं, त्या दिवशी तिने फुटबॉल शिकवलेल्या अकराजणी सरावाच्या बुटांनिशी दारात येऊन रडल्या. त्यांतल्या चौघी तिने आईबापांशी भांडून पुन्हा शाळेत घातल्या होत्या. महिन्याभरात गावच्या फुटबॉल क्लबाने तिच्या नावाची स्मृतिस्पर्धा भरवली आणि मैदान आखायला रंगाऱ्यालाच बोलावलं. चुन्याने तीन बाजू आखून झाल्यावर त्याने चिटणिसाला विचारलं, "मुलींचा सामना कधी?" "काका, ही स्पर्धा आहे, भातुकली नव्हे. मुलींना बक्षिसांची तबकं धरायला उभं करू की!" "तिने त्यांना गोल मारायला शिकवलं, तबकं धरायला नाही. तिचं नाव पुसा." "आता फलक रंगवून झालाय हो!" "रंगवलेलं कसं झाकायचं ते मला शिकवू नका," म्हणत त्याने कुंचला बादलीत बुचकळला आणि मैदानाकडेच्या फलकावरल्या बायकोच्या नावावर चुना फासला. स्पर्धा उरकली. मुलींचा सामना मात्र अजून झालेला नाही.